दहा शनिवार, साडेचार हजार रुपये आणि एक ‘ब्रॉट फॉरवर्ड’

इंग्रजी लेखनाच्या या वर्गाला मी हौसेनं गेले नाही. जावं लागलं.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, डॉक्युमेंटेशन बघते. वर्क इन्स्ट्रक्शन लिहायच्या, रिजेक्शनचे रिपोर्ट करायचे, परदेशी कस्टमरच्या मेलना उत्तरं द्यायची. डिप्लोमा मेटलर्जीचा, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी कामापुरतं. कामापुरतं म्हणजे नक्की किती, ते मार्चमध्ये कळलं. इंग्लंडच्या एका कस्टमरचं ऑडिट 28 मार्चला ठरलं होतं. फेब्रुवारीत मेल आली: ‘द ऑडिट हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू वीक्स.’ फॉरवर्ड म्हणजे पुढं. दोन आठवडे पुढं. मी कॅलेंडरवर 11 एप्रिलला गोल केला आणि साहेबांना सांगितलं, ‘ऑडिट पुढं गेलंय, आता निवांत.’

पाहुणे 14 मार्चला सकाळी साडेनऊला गेटवर हजर. नॉकआउटच्या (साचा फोडून माल काढायच्या जागेच्या) कडेला जळक्या वाळूचा ढीग, फेटलिंगमध्ये (माल घासून साफ करतात तिथं) मागच्या महिन्याचं रिजेक्शन लाल रंग न मारता पडलेलं, आणि प्रेशर गेज कॅलिब्रेशनला पुण्याला गेलेले. त्या दिवसाबद्दल एवढंच पुरे.

‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडं ओढणं. आपण आपल्या जागी उभे, तारीख लांब. ती आपल्या दिशेनं आणली. मराठीत मात्र ‘पुढं’ म्हटलं की ती आपल्यापासून लांब जाते. त्यात आमच्या अकाउंट्समध्ये रोजच्या वापरात ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे मागच्या पानावरून ओढलेली शिल्लक, त्यामुळं शब्द ओळखीचा वाटला आणि घात झाला. आणखी एक गोष्ट मला महिनाभरानं उमगली. शाळेत पॅसिव्ह शिकवताना ‘बाय’च्या मागं कर्ता येतो असं घोकून घेतलेलं, या वाक्यात ‘बाय’च्या मागं कर्ता नव्हता, माप होतं. ऑडिट कुणी हलवलं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. कुणाला फोन करून विचारावं, एवढा धागासुद्धा त्या वाक्यात नाही.

साहेब ओरडले नाहीत. ‘क्लास लावा, निम्मी फी कंपनी देईल,’ एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

वर्ग राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. कोल्हापुरातल्यांना जिना आठवला की कळेलच. दहा शनिवार, दुपारी चार ते सहा, फी 4500 रुपये. आम्ही चौदा जण: एक वकिलीतली ज्युनियर, सीएची आर्टिकलशिप करणारी दोन मुलं, एमपीएससीचा अभ्यास करणारी एक मुलगी, शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करणारा एक, बाकीचे नोकरदार. सर मुंबईत फोर्टमध्ये विमा कंपनीत होते, जहाजांच्या मालाचे क्लेम बघायचे. निवृत्त होऊन गावी आले आणि हे सुरू केलं. इंग्रजीचे प्राध्यापक नाहीत, आणि मला वाटतं वर्गाची खरी ताकद तीच. वाक्याकडं ते क्लेमच्या कागदाकडं बघावं तसं बघतात: यात पैसे कुणी द्यायचे?

पहिले तीन शनिवार सोडून द्या. काळ, आर्टिकल, एकवचन-अनेकवचन. फुकट व्हिडिओ बघूनही होईल इतपत. तिसऱ्या शनिवारी आम्ही दोघी-तिघी मध्येच उठून खाली चहाला गेलो होतो, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या शनिवारी सरांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, ‘पुट ऑफ’. ढकलणे, लांबवणे. मग ऑडिट घातलं. ‘दे पुट ऑफ द ऑडिट’ चालतं. ‘दे पुट द ऑडिट ऑफ’ चालतं. ‘दे पुट इट ऑफ’ चालतं. ‘दे पुट ऑफ इट’ चालत नाही, कारण सर्वनाम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे. यावर अर्धा तास गोंधळ झाला. मग सर म्हणाले, ‘आता हे सगळं पुसा आणि वाक्य कर्मणी करा.’ ‘द ऑडिट वॉज पुट ऑफ.’ कर्म उचलून वाक्याच्या तोंडाशी गेलं, मध्ये घुसायला कुणी उरलंच नाही, आणि पुट आणि ऑफ शेजारी शेजारी गपगुमान बसले. म्हणजे ज्या पॅसिव्हला आपण अवघड म्हणतो, तिथं फ्रेजल व्हर्बची (क्रियापद आणि ऑफ-अप-इंटूसारखा तुकडा, या जोडीची) एक मोठी डोकेदुखी आपोआप मिटते. मला हे तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. डिप्लोमाला कम्युनिकेशन स्किल्स नावाचा अख्खा विषय होता, तरी नाही.

दुसरी डोकेदुखी मात्र सुरू होते: शेवटचा तुकडा गळतो. कर्म पुढं गेल्यावर वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि आपण लिहितो, ‘युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड.’ लुक्ड काय? लुक्ड इंटू म्हणजे चौकशी, लुक्ड आफ्टर म्हणजे सांभाळ, लुक्ड डाउन ऑन म्हणजे हेटाळणी. तुकडा गाळला तर कस्टमरनं यातलं कुठलंही घ्यावं. ‘इंटू’च्या पुढं काही नाही म्हणून तो लोंबकळल्यासारखा दिसतो, पण इंग्रजीला त्याचं काही वाटत नाही. ‘ऑल पॉइंट्स हॅव बीन डेल्ट विथ’ हे पूर्ण वाक्य आहे, त्याच्या पुढं काही यायचं राहिलेलं नाही. मी घरी येऊन पाठवलेल्या मेल चाळल्या. सहा महिन्यांत चार ठिकाणी ‘बीइंग लुक्ड’ सापडलं. त्यातलं एक तर जपानच्या कस्टमरला, ज्यांना माझ्यासारखंच इंग्रजी येत असणार, त्यामुळं तिकडून काही बोलणं आलं नाही.

मग एमपीएससीवाली मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे हे आपलं नवीन कर्मणी ना? रामाकडून रावण मारला गेला.’ सर खूश. म्हणाले, ‘मराठी माणसाला पॅसिव्ह शिकवावं लागत नाही ताई, तो तलाठ्याच्या दारात शिकतो. कळविण्यात येते की, रद्द करण्यात आली आहे, योग्य ती कार्यवाही करण्यात यावी. कोण कळवतंय? कोण रद्द करतंय?’ वर्ग हसला. पण त्यांनी पुढं जे काढलं ते त्या दहा शनिवारांतलं सर्वात मोलाचं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्यांनी फळ्याच्या डाव्या बाजूला मराठी लिहिलं: लिहून ठेवलं, लिहून टाकलं, लिहून काढलं, लिहून दिलं. क्रिया एकच, लिहिणं. मागचं छोटं क्रियापद बदललं की रंग बदलतो. ‘लिहून ठेवलं’मध्ये पुढं लागेल म्हणून केलेली तजवीज आहे, ‘लिहून टाकलं’मध्ये एकदाचं उरकलं, ‘लिहून दिलं’ म्हणजे आता तुम्ही त्याला बांधील. हा फरक मराठी पोराला चौथ्या वर्षी कळतो, कुणी व्याकरण शिकवत नाही. उजव्या बाजूला इंग्रजी: रिटन डाउन, रिटन ऑफ, रिटन अप, रिटन आउट. तिथं दुसरं क्रियापद नाही, हे अप-ऑफ-आउट-डाउन तेच काम करतात. ‘वॉज रिटन डाउन’ म्हणजे टिपून ठेवलं. ‘वॉज रिटन अप’ म्हणजे टिपणावरून नीट, सविस्तर लिहून काढलं. ‘वॉज रिटन आउट’ म्हणजे पूर्ण लिहिलं, आकड्याऐवजी अक्षरी. आणि ‘वॉज रिटन ऑफ’ म्हणजे बुडीत खाती गेलं, विषय संपला.

इथं आर्टिकलशिपवाल्या एका मुलानं हात वर केला. त्यांच्या ऑफिसात ‘द स्टॉक वॉज रिटन डाउन’चा अर्थ टिपून ठेवला असा नव्हे, त्याची किंमत कमी करून दाखवली असा असतो. सर म्हणाले, बरोबर, आणि तुझ्या साहेबांनी ‘डाउन’च्या जागी ‘ऑफ’ लिहिलं तर अख्खा स्टॉक शून्य. दोन-तीन अक्षरांचा फरक. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता; त्यानं बहुतेक नुकतंच काहीतरी लिहून दिलं असावं.

मला हे डावं-उजवं फार उपयोगी पडलं. याद्या पाठ करण्यापेक्षा आता मी स्वतःला विचारते, मराठीत इथं ‘टाकलं’ आहे की ‘ठेवलं’ की ‘काढलं’. प्रत्येक वेळी जुळत नाही, पण कान तयार होतो.

त्याच तासाला माझी वाजली. सरांनी प्रत्येकाकडून कामातलं एक पान मागवलं होतं. मी जानेवारीचा एक रिजेक्शन रिपोर्ट नेला होता. दोन कास्टिंगमध्ये (ओतीव भागांत) ब्लो-होल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, आले होते, कारण भट्टी मध्येच बंद पडली आणि धातू लॅडलमध्ये (ओतायच्या डावात) थंडावला. मी लिहिलं होतं: ‘द फर्नेस वॉज ब्रोकन डाउन फॉर सिक्स अवर्स.’ सर मोठ्यानं वाचून म्हणाले, ‘सहा तास? किती तुकडे केलेत भट्टीचे?’

झालं असं की माझ्या डोक्यात मराठी होतं, ‘भट्टी बंद पडली होती’. त्या ‘होती’चं मी ‘वॉज’ करून टाकलं. पण ‘बंद पडणं’ अकर्मक आहे. भट्टीला कुणी बंद पाडलं नव्हतं, ती आपली आपण पडली. इंग्रजीतही या अर्थाचं ‘ब्रेक डाउन’ अकर्मक, त्याचं पॅसिव्ह होतच नाही. ‘द फर्नेस ब्रोक डाउन’, बस. ‘वॉज ब्रोकन डाउन’ लिहिलं की अर्थच बदलतो: कुणीतरी एखादी गोष्ट सुटी केली, भाग पाडले. ‘द रिजेक्शन डेटा वॉज ब्रोकन डाउन बाय शिफ्ट’, आकडे शिफ्टप्रमाणं वेगळे काढले, हे झकास वाक्य आहे. आणि बघा, इथंही ‘बाय’च्या मागं कर्ता नाही. ‘द इन्स्पेक्टर टर्न्ड अप’ हेही तसंच, इन्स्पेक्टर उगवला. ‘वॉज टर्न्ड अप’ केलं तर त्याला पँटच्या पायासारखं दुमडल्यासारखं होतं. सरांनी सांगितलेली खूण साधी आहे. मराठीत ‘कुणी?’ असा प्रश्न विचारून बघायचा. ‘ऑडिट रद्द झालं.’ कुणी केलं? कस्टमरनं. मग ‘वॉज कॉल्ड ऑफ’ होतं. ‘भट्टी बंद पडली.’ कुणी पाडली? कुणीच नाही. मग पॅसिव्ह नाही.

(आमच्या मेंटेनन्सवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘कुणीच नाही कसं? दुसऱ्या शिफ्टनं पाडली.’ असो.)

मग सरांनी मला प्रोसेस शीट वाचायला लावलं, आणि तोवर मला स्वतःलाच माहीत नव्हतं की माझी फाउंड्री या जोड्यांवर चालते. धातू वितळला की वरची मळी ‘इज स्किम्ड ऑफ’. साचा ‘इज फिल्ड अप’. गार झाल्यावर कास्टिंग वाळूतून ‘इज शेकन आउट’. रनर-रायझर (धातू ओतायच्या वाटांत उरलेले दांडके) ‘आर नॉक्ड ऑफ’. कडेचा फ्लॅश (बाहेर आलेली धातूची पातळ धार) ‘इज ग्राउंड ऑफ’. नुसतं ‘इज ग्राउंड’ लिहिलं तर कास्टिंगला ग्राइंडर लावला एवढंच कळतं; ‘ऑफ’ लावला की कळतं की तो भाग गेला पाहिजे, शिल्लक राहता कामा नये. कस्टमरच्या ड्रॉइंगवर अशा एका ‘ऑफ’साठी माल परत येतो.

साचा ‘फिल्ड अप’ बरोबर, पण फॉर्म ‘फिल्ड अप’ नाही. आपल्याकडं सगळे तसंच लिहितात, ‘द फॉर्म शुड बी फिल्ड अप इन ब्लॅक इंक’, कारण मराठीत साचाही भरतो आणि फॉर्मही भरतो. इंग्लंडमध्ये फॉर्म ‘फिल्ड इन’ होतो, अमेरिकेत ‘फिल्ड आउट’. ‘अप’ म्हणजे काठोकाठ. आमच्या चेकलिस्टवर दहा वर्षं ‘टू बी फिल्ड अप बाय ऑपरेटर’ छापलेलं आहे. काठोकाठ तर सोडाच, ऑपरेटर त्यात निम्मेही रकाने भरत नाही.

जोडून लिहायचं की तोडून, यावरही वेळ गेला आणि तो योग्य गेला. क्रियापद असेल तेव्हा दोन शब्द: ‘द फर्नेस वॉज शट डाउन’. नाम असेल तेव्हा एक: ‘शटडाउन’. ‘वॉज शटडाउन’ आणि ‘इज सेटअप’ या दोन चुका माझ्या प्रत्येक रिपोर्टात होत्या. आणि पॅसिव्हमधली जोडी नामाच्या आधी विशेषण म्हणून आली की मध्ये छोटी रेघ. उदाहरण सरांनी असं दिलं की कुणी विसरणार नाही: बिल्ट-अप एरिया. फ्लॅट घेतलेल्या सहाही जणांना ते तिथल्या तिथं कळलं, आणि पुढची दहा मिनिटं चर्चा कार्पेट एरियावर गेली.

पाचवा शनिवार वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा. हा तास वकील मुलीनंच अर्धा चालवला. सुप्रीम कोर्टानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम 2015 मध्ये रद्द केलं, तेव्हा इंग्रजी बातम्यांत ‘वॉज स्ट्रक डाउन’ होतं. 2024 च्या फेब्रुवारीत निवडणूक रोख्यांची योजना गेली, तेव्हाही तेच. पण 2018 च्या 377 कलमाच्या निकालाला वकील ‘वॉज रेड डाउन’ म्हणतात. स्ट्रक डाउन म्हणजे कलम गेलं. रेड डाउन म्हणजे कलम पुस्तकात राहिलं, पण त्याचा अर्थ आखडून घेतला: सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले, बाकी तेव्हा लागू राहिलं. ती म्हणाली, मराठी बातमीत दोन्हीला ‘रद्द’ लिहून मोकळे होतात आणि मग अशील येऊन भांडतात.

मग सरांनी ‘लेड ऑफ’ काढलं, आणि ते थेट आमच्या एमआयडीसीत येऊन पडलं. अमेरिकन मेलमध्ये ‘फॉर्टी वर्कर्स वेअर लेड ऑफ’ वाचलं की समजायचं, चाळीस जणांची नोकरी गेली. आपल्याकडं 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं ले-ऑफला वेगळा अर्थ दिला. कोळसा, वीज, कच्चा माल नाही किंवा यंत्र बंद पडलं म्हणून मालक काही काळ काम देऊ शकत नाही. नाव मस्टरवर राहतं, आणि पात्र कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कामावरून काढून टाकलं तर ते रिट्रेंचमेंट. आता माझी भट्टी सहा तासांऐवजी सहा दिवस ‘ब्रोक डाउन’ झाली असती आणि मी कस्टमरला सरळ मनानं ‘अवर वर्कर्स वेअर लेड ऑफ फॉर अ वीक’ असं लिहिलं असतं, तर ‘फॉर अ वीक’मुळं कदाचित वाचले असते. ते शब्द विसरले असते तर तिकडं ऑर्डर दुसरीकडं हलवायची तयारी सुरू झाली असती.

सहाव्या शनिवारी पीएचडीवाल्याची पाळी. त्याच्या एका प्रकरणात ‘वॉज कॅरीड आउट’, म्हणजे पार पाडलं, एकतीस वेळा. आम्ही मोजलं. ‘द रिअ‍ॅक्शन वॉज कॅरीड आउट, द अ‍ॅनालिसिस वॉज कॅरीड आउट, द वॉशिंग वॉज कॅरीड आउट.’ सर म्हणाले, ‘प्रयोग करणारा पळून गेला काय?’ तो बिचारा म्हणाला की गाइडनं ‘आय’ आणि ‘वी’ लिहायचं नाही असं सांगितलंय. त्यावर सरांचा तोडगा मला पटला: पॅसिव्ह राहू दे, पण ‘कॅरीड आउट’ काढ. ‘द वॉशिंग वॉज कॅरीड आउट’पेक्षा ‘द सॉलिड वॉज वॉश्ड’. कृती खऱ्या क्रियापदात जाते, एक शब्द वाचतो, आणि ‘मी’ही येत नाही. एकतिसाचे सात झाले. मराठीतही हाच रोग आहे, ‘धुण्याची प्रक्रिया करण्यात आली’.

इथंच माझं आणि सरांचं वाजलं. त्यांच्या मते कागदावर फ्रेजल व्हर्ब म्हणजे बनियनवर ऑफिसला येणं. पुट ऑफ नको, पोस्टपोन. लुक इंटू नको, इन्व्हेस्टिगेट. टर्न डाउन नको, रिजेक्ट. मी म्हटलं, सर, मग ‘कॅरीड आउट’, ‘सेट आउट’, ‘लेड डाउन’, ‘ड्रॉन अप’, ‘फेज्ड आउट’ यांचं काय? करार ‘ड्रॉन अप’ होतो, नियम ‘लेड डाउन’ असतात, जुनं मॉडेल ‘फेज्ड आउट’ होतं. हे करारातलं आणि सरकारी कागदातलं इंग्रजी आहे, बनियन नव्हे. आणि इंग्लंडच्या मेल तर या जोड्यांनी भरलेल्या असतात, त्यातल्या एकीनं तर मला इथं आणलं. सर म्हणाले, ते इंग्रज आहेत. हे उत्तर झालं नाही. माझं मत: लिहिताना ओळखीची जोडी बिनधास्त वापरावी, वाचताना मात्र प्रत्येक जोडीपाशी थांबावं.

चर्चिलची गोष्टही त्यांनी सांगितली. वाक्याच्या शेवटी असे तुकडे नकोत म्हणणाऱ्या कारकुनाला त्यानं म्हणे ‘अप विथ विच आय विल नॉट पुट’ असं तिरकं उत्तर दिलं. गोष्ट मजेदार आहे आणि ‘पुट अप विथ’ फोडलं की काय होतं ते त्यातून झटकन कळतं, पण ती चर्चिलचीच असल्याचा पुरावा नाही, ती त्याच्या नावावर खपवलेली आहे. विम्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसानं पुरावा न बघता क्लेम पास करू नये.

जे वर्गात नव्हतं आणि असायला हवं होतं, ते मला ऑफिसात मिळालं. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचा एक दंडक 1980 च्या दशकापासून चालत आला आहे. त्यात सूचना लिहिताना पॅसिव्ह चालत नाही, फ्रेजल व्हर्बही चालत नाही, आणि सूचनेचं वाक्य 20 शब्दांच्या आत. कारण उघड आहे: पुस्तिका हातात घेऊन इंजिनाखाली वाकलेल्या माणसाची मातृभाषा इंग्रजी असेलच असं नाही. ते वाचल्यावर मी आमच्या वर्क इन्स्ट्रक्शन बदलल्या. ‘स्लॅग शुड बी स्किम्ड ऑफ बिफोर पोअरिंग’ होतं, ते ‘रिमूव्ह द स्लॅग बिफोर यू पोअर’ केलं. आधीच्या वाक्यावर भट्टीवाला आणि पोअरिंगवाला एकमेकांकडं बघायचे, आता ज्याच्यासमोर कागद टांगलाय त्याचं काम. रिपोर्टात मात्र पॅसिव्ह ठेवते. घडून गेलेल्या गोष्टीत कास्टिंगचं काय झालं ते महत्त्वाचं, रिपोर्टात ऑपरेटरचं नाव घालून त्याला लटकवायचं कारण नाही. सूचना आणि अहवाल ही दोन वेगळी जनावरं आहेत, एवढं एक वाक्य सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तक्रारी. ‘प्रत्येकाचं लेखन वैयक्तिक तपासून मिळेल’ असं जाहिरातीत आहे; प्रत्यक्षात पहिल्या दोन बाकांवरच्यांचं तपासलं जातं, बाकीच्यांचे कागद पुढच्या शनिवारी तसेच परत. हँडआउट बहुतेक टाइपरायटरच्या काळातले, झेरॉक्सचं झेरॉक्स. सातव्या पानावर ‘कॉल्ड ऑफ’ चक्क ‘कॉल्ड ऑफ्फ’ असं दोन एफ जादा घालून छापलंय आणि तीन बॅचेसमध्ये कुणी दुरुस्त केलेलं नाही. पार्किंग नाही. पंखा उजव्या बाजूला एकच, तोही बोलका, त्याच्याखाली बसलं तर सर ऐकू येत नाहीत.

आणि दहावा शनिवार झालाच नाही. शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज: ‘टुमॉरोज सेशन हॅज बीन कॉल्ड ऑफ. इन्कन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड.’ व्याकरण चोख, तुकडा जागेवर, कर्ता गायब. पाच मिनिटांत एमपीएससीवालीनं उत्तर टाकलं, ‘बाय हूम, सर?’ त्यावर एक हात जोडलेला इमोजी आला. बदली तास नाही, साडेचारशे रुपये परत नाहीत. विचारलं तेव्हा ‘विचार करण्यात येईल’ असं तोंडी कळवण्यात आलं.

तरीही पाचपैकी साडेतीन तारे देते, आणि तेही सगळे चौथ्या आणि पाचव्या शनिवारचे. ज्यांना बोलायचं इंग्रजी हवंय त्यांनी जाऊ नये. ज्यांना कस्टमरच्या, कोर्टाच्या, कंपनीच्या कागदावर सही करावी लागते त्यांनी जावं, पहिले तीन तास बुडवले तरी चालतील.

मागच्या महिन्यात त्याच इंग्लंडच्या कस्टमरची मेल आली, ‘द डिलिव्हरी हॅज बीन पुट बॅक टू द सेकंड वीक ऑफ जून.’ बॅक म्हणजे मागं, म्हणजे अलीकडं आली, असं मराठी डोकं लगेच बोललं. थांबले. पुट बॅक म्हणजे उलट, लांबवली. तरी स्वतःवर विश्वास न ठेवता एका ओळीत विचारलं, जूनची तारीख कळवा, आधीच्या तारखेच्या अलीकडं की पलीकडं. तासाभरात उत्तर आलं, नुसती तारीख, क्रियापदच नाही. साहेबांना दाखवलं. म्हणाले, ‘हे चांगलं.’

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. जाणार असाल तर डावीकडं खिडकीपाशी बसा. आणि सर ‘बॅच जरा पुढं घेतलीय’ म्हणाले, तर कुठल्या बाजूला ते विचारून घ्या.